रुग्णशय्या आणि विद्यापीठ : अतिदक्षता परिचर्येच्या उच्च शिक्षणाची वाटचाल
(ब्रिटन व भारत यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यकशास्त्राने जी क्षेत्रे नव्याने निर्माण केली, त्यांत अतिदक्षता विभागाचे स्थान महत्त्वाचे आहे. या विभागाचा इतिहास बहुधा यंत्रांचा व शल्यविशारदांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कृत्रिम श्वसनयंत्र, हृदयाचे आलेख दाखविणारा पडदा, विद्युत्‌धक्का देणारे उपकरण यांच्या शोधांची नोंद सविस्तर होते; परंतु या यंत्रांशेजारी चोवीस तास उभे राहून रुग्णाच्या स्थितीतील सूक्ष्म बदल टिपणारी व्यक्ती म्हणजे परिचारिका होय. तिला हे ज्ञान कोठून मिळाले, ते कोणी शिकविले, आणि त्या ज्ञानाला पदविकेची वा पदवीची मान्यता केव्हा लाभली, या प्रश्नांकडे इतिहासलेखनाचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे.

प्रस्तुत निबंधात तीव्र आजाराच्या रुग्णांच्या परिचर्येसंबंधीचे उच्च शिक्षण ब्रिटनमध्ये व भारतात कसे घडत गेले याचा मागोवा घेतला आहे. ब्रिटनमध्ये हे शिक्षण रुग्णालयात जन्मले व नंतर विद्यापीठात गेले. भारतात पदव्युत्तर पदवी आधी आली व तिला रुग्णशय्येपर्यंत नेण्याचा प्रयत्न पुष्कळ उशिरा झाला. दोन्ही वाटा भिन्न असल्या तरी दोन्हीकडे एकच प्रश्न उभा राहतो : उच्च शिक्षण घेतलेली परिचारिका रुग्णाजवळ राहते की रुग्णापासून दूर जाते?

संज्ञांविषयी थोडेसे

या विषयात दोन संज्ञांची गल्लत होण्याचा संभव असतो. परिचर्येचे मूलभूत शिक्षण पूर्ण करून परिषदेकडे नाव नोंदविल्यानंतर जे विशेष शिक्षण घेतले जाते ते नोंदणीउत्तर शिक्षण. विद्यापीठाची प्रथम पदवी मिळविल्यानंतर जे शिक्षण घेतले जाते ते पदव्युत्तर शिक्षण. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ परिचारिकेपाशी पदवीच नसे. त्यामुळे तेथील विशेष अभ्यासक्रम नोंदणीउत्तर होते, पदव्युत्तर नव्हते. हा भेद केवळ शब्दांचा नाही. पहिल्या प्रकारात प्रत्यक्ष कामातील कौशल्याला प्राधान्य होते, तर दुसऱ्यात विद्यापीठीय दर्जाला.

त्याचप्रमाणे अतिदक्षता विभाग व साधा वॉर्ड यांच्या मधल्या टप्प्यास ‘हाय डिपेंडन्सी युनिट’ अथवा रुग्णालयांतील रूढ शब्दात ‘एचडीयू’ म्हणतात. ज्या रुग्णाला श्वसनयंत्राची गरज नाही, परंतु ज्याला दर तासाला पाहावे लागते, असा रुग्ण येथे ठेवला जातो.

अतिदक्षता विभागाचा उदय

गंभीर रुग्णांना एकत्र व नजरेसमोर ठेवण्याची कल्पना जुनी आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी रुग्णालयांविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या १८६३ च्या आवृत्तीत, शस्त्रक्रियागृहालगतच्या खोलीत शस्त्रक्रियेचा तात्कालिक परिणाम ओसरेपर्यंत रुग्णांना ठेवण्याच्या पद्धतीचा उल्लेख केला आहे. तथापि आधुनिक अर्थाने अतिदक्षता विभागाचा प्रारंभ डेन्मार्कमध्ये झाला, असे मानले जाते.

१९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगन शहरात पोलिओची भीषण साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागले. त्या रुग्णालयापाशी एक ‘आयर्न लंग’ व छातीभोवती बसविण्याची सहा श्वसनयंत्रे एवढीच साधने होती. अशा रुग्णांपैकी ८० टक्क्यांहून अधिक दगावत होते. प्रमुख वैद्य एच. सी. ए. लासेन यांनी भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांना पाचारण केले. २७ ऑगस्ट १९५२ रोजी इब्सेन यांनी एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेत नळी बसवून रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. पुढील काही महिन्यांत सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबल्या. साथीच्या ऐन भरात एका वेळी सुमारे ७० रुग्णांना असा श्वास दिला जात होता. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले.

या घटनेत विद्यार्थ्यांची भूमिका प्रसिद्ध आहे. परंतु पिशवी दाबणे हे त्या उपचाराचे एक अंग होते. नळीत साचणारा स्राव वेळोवेळी काढणे, अंग हलवू न शकणाऱ्या रुग्णाची कूस बदलणे, त्वचेचा रंग, घाम व नाडी यांवरून श्वास पुरेसा मिळतो की नाही हे ओळखणे, ही कामे परिचर्येच्या कक्षेतील होती. विद्यार्थी पाळी संपवून जात. रुग्णाची सलग माहिती परिचर्येच्या नोंदींत राही. १९५३ च्या डिसेंबरात इब्सेन यांनी कोपनहेगनच्या महापालिका रुग्णालयात स्वतंत्र अतिदक्षता विभाग सुरू केला. नवी जागा निर्माण झाली. त्या जागेसाठीचे शिक्षण मात्र अद्याप कोठेच नव्हते.

अमेरिकेतील हृदयरोग कक्ष

शिक्षणाची गरज सर्वप्रथम ठळकपणे पुढे आली ती हृदयविकाराच्या क्षेत्रात. १९५६ मध्ये पॉल झोल यांनी छातीवरून विद्युत्‌धक्का देऊन हृदयाची विस्कळीत लय पूर्ववत करता येते हे दाखविले. १९६० मध्ये बाल्टिमोर येथील कोवेनहोवेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेरून छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हृदयविकाराच्या झटक्यानंतरचे अनेक मृत्यू टाळता येण्यासारखे आहेत, हे यामुळे स्पष्ट झाले. मात्र त्यासाठी अवधी मिनिटांचा होता. डॉक्टरला निरोप जाऊन तो येईपर्यंत वेळ निघून जाई. रुग्णाजवळ सतत असणारी व्यक्ती एकच होती.

१९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत कॅन्सस सिटी, फिलाडेल्फिया आदी ठिकाणी हृदयरोग अतिदक्षता कक्ष स्थापन झाले. फिलाडेल्फिया येथे डॉ. लॉरेन्स मेल्टझर यांच्यासमवेत रोझ पिनिओ या परिचारिकेने काम केले. परिचारिकेने हृदयालेख स्वतः वाचावा, धोक्याची लय ओळखावी आणि डॉक्टरची वाट न पाहता विद्युत्‌धक्का द्यावा, हे तत्त्व या कक्षांत मान्य झाले. १९६५ मध्ये मेल्टझर, पिनिओ व किचेल यांनी परिचारिकांसाठी हृदयरोग अतिदक्षतेची मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केली. निदान व उपचार यांवरील डॉक्टरांचा पूर्वापार अधिकार येथे प्रथमच मर्यादित प्रमाणात वाटून घेतला गेला. अधिकार वाटला गेल्यावर त्याला पात्रतेचा पुरावा आवश्यक ठरला आणि विशेष शिक्षणाची मागणी त्यातूनच पुढे आली. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन परिचारिकांच्या विशेष संघटनेने १९७६ पासून प्रमाणपत्र परीक्षा सुरू केली.

ब्रिटन : रुग्णालयातील अभ्यासक्रमांचा काळ

ब्रिटनमध्ये १९६० नंतर मोठ्या रुग्णालयांतून अतिदक्षता विभाग उघडले गेले. प्रत्येक रुग्णालय आपल्या परीने परिचारिकांना शिकवीत असे. एका रुग्णालयाचे प्रशस्तिपत्र दुसऱ्या ठिकाणी ग्राह्य धरले जाईलच असे नव्हते. ही विस्कळीत स्थिती दूर करण्यासाठी १९७० मध्ये इंग्लंड व वेल्ससाठी ‘जॉइंट बोर्ड ऑफ क्लिनिकल नर्सिंग स्टडीज’ हे मंडळ स्थापन झाले. मंडळाने विविध विशेष शाखांचे अभ्यासक्रम आखले व त्यांना क्रमांक दिले. सर्वसाधारण अतिदक्षता परिचर्येच्या अभ्यासक्रमाचा क्रमांक १०० होता. १९७९ च्या कायद्यानुसार १९८३ पासून परिचर्या शिक्षणाची व्यवस्था बदलली व हे अभ्यासक्रम इंग्लंडच्या राष्ट्रीय मंडळाकडे, म्हणजे ‘ईएनबी’कडे आले. ‘ईएनबी १००’ हे नाव पुढे दोन दशके अतिदक्षता परिचारिकेची ओळख बनले.

या अभ्यासक्रमाची काही वैशिष्ट्ये ध्यानात घेण्यासारखी आहेत. तो साधारण सहा महिने ते एक वर्षाचा असे. विद्यार्थिनी ही त्या विभागात काम करणारी कर्मचारीच असे. शिकविणारी व्यक्ती त्याच विभागाशी निगडित असे, आणि प्रमाणपत्र मिळण्यासाठी प्रत्यक्ष रुग्णाजवळ कौशल्य सिद्ध करावे लागे. जे सकाळी शिकविले ते दुपारच्या पाळीत करून पाहता येई. हे या पद्धतीचे बळ होते.

तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट होत्या. हे प्रमाणपत्र विद्यापीठाच्या मोजमापात बसत नव्हते. वर्षभर कष्ट करून मिळविलेली पात्रता पदवीच्या वा संशोधनाच्या दिशेने एक पाऊलही नेत नसे. रुग्णालयाची गरज व विद्यार्थिनीचे शिक्षण यांत संघर्ष झाल्यास सरशी गरजेची होई. याच काळात परिचर्याशास्त्र विद्यापीठांत स्थान मिळवीत होते. एडिंबरा विद्यापीठात १९५६ मध्ये परिचर्या अध्ययनाचा विभाग सुरू झाला व १९६० मध्ये पदवी अभ्यासक्रम आला. मँचेस्टर येथे १९७४ मध्ये जीन मॅक्फार्लेन या इंग्लंडमधील परिचर्याशास्त्राच्या पहिल्या प्राध्यापक झाल्या. ज्ञानशाखा म्हणून परिचर्येची प्रतिष्ठा वाढत असताना अतिदक्षता परिचारिका त्या प्रतिष्ठेच्या उंबरठ्याबाहेर उभी होती.

ब्रिटन : विद्यापीठाकडे संक्रमण

१९८९ पासून अमलात आलेल्या ‘प्रोजेक्ट २०००’ या योजनेने परिचर्येचे मूलभूत शिक्षण उच्च शिक्षणाच्या प्रवाहात आणले. १९९० च्या दशकात परिचर्या विद्यालये विद्यापीठांत विलीन झाली आणि त्यांच्यासोबत विशेष अभ्यासक्रमही तेथे गेले. २००२ मध्ये राष्ट्रीय मंडळ बरखास्त होऊन ‘नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल’ अस्तित्वात आली. ‘ईएनबी १००’ हे समान परिमाण त्याबरोबर संपले. प्रत्येक विद्यापीठ आपापला अभ्यासक्रम ठरवू लागले. श्रेयांक, पदवी, पदव्युत्तर पदविका व निष्णात पदवी अशी शिडी परिचारिकेला प्रथमच उपलब्ध झाली. ही मोठीच प्राप्ती होती. परंतु एका विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कौशल्याची कसोटी असे, तर दुसऱ्याच्या अभ्यासक्रमात निबंधलेखनावर भर असे. प्रमाणपत्रधारक परिचारिका श्वसनयंत्रावरील रुग्ण स्वतंत्रपणे सांभाळू शकेल की नाही, हे प्रमाणपत्रावरून सांगता येईनासे झाले.

याच सुमारास या शिक्षणाची व्याप्तीही बदलली. १९९८ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका गोपनीय चौकशीत, अतिदक्षता विभागात येण्यापूर्वी १०० रुग्णांना साध्या वॉर्डात मिळालेल्या उपचारांची छाननी करण्यात आली. त्यांपैकी केवळ २० रुग्णांचे उपचार योग्य असल्याबद्दल परीक्षकांचे एकमत झाले. ५४ रुग्णांच्या बाबतीत उपचार अपुरे ठरले. श्वासोच्छ्‌वासाची गती, रक्तदाब, शुद्धीची पातळी यांतील बदल वेळीच न ओळखणे, अथवा ओळखूनही पुढील हालचाल न होणे, ही त्यामागील प्रमुख कारणे होती. रुग्ण अत्यवस्थ होतो तो बहुधा वॉर्डात. तज्ज्ञ परिचारिका मात्र अतिदक्षता विभागाच्या दाराआड होती.

या जाणिवेतून मे २००० मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्याने ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह क्रिटिकल केअर’ हा अहवाल प्रसिद्ध केला. रुग्ण कोणत्या खोलीत आहे यावरून नव्हे, तर त्याची गरज किती आहे यावरून त्याचे वर्गीकरण व्हावे, अशी भूमिका या अहवालाने घेतली व शून्य ते तीन अशा पातळ्या ठरविल्या. साध्या वॉर्डातील रुग्ण शून्य पातळीवर, प्रकृती बिघडण्याचा धोका असलेला पहिल्या, एचडीयूतील दुसऱ्या, आणि श्वसनयंत्रावरील अथवा एकाहून अधिक अवयव निकामी झालेला रुग्ण तिसऱ्या पातळीवर. अतिदक्षतेतील अनुभवी परिचारिकांनी वॉर्डांत जाऊन मदत करावी, अशी फिरत्या पथकांची शिफारसही त्यात होती. विद्यापीठांतील अभ्यासक्रमांच्या नावांत ‘तीव्र आजार’ व ‘हाय डिपेंडन्सी’ हे शब्द दिसू लागले, त्यामागे ही पार्श्वभूमी होती. रुग्णाच्या साध्या मोजमापांना गुण देऊन धोक्याची पूर्वसूचना मिळविण्याच्या पद्धतीचे २०१२ मध्ये राष्ट्रीय पातळीवर प्रमाणीकरण झाले, आणि वॉर्डातील परिचारिकेच्या निरीक्षणाला सर्वत्र समजेल अशी भाषा मिळाली.

समान परिमाण हरपल्याची उणीव भरून काढण्याचा प्रयत्न त्याच वर्षी झाला. अतिदक्षता परिचर्येच्या प्रमुखांनी राष्ट्रीय क्षमता आराखडा तयार केला. त्यात प्रत्येक कौशल्य रुग्णाजवळ टप्प्याटप्प्याने तपासले जावे असा आग्रह आहे. अतिदक्षता विभागातील नोंदणीकृत परिचारिकांपैकी किमान ५० टक्के परिचारिकांपाशी या शाखेचे नोंदणीउत्तर शिक्षण असावे, हा दंडकही व्यावसायिक मानकांत समाविष्ट झाला. तिसऱ्या पातळीच्या प्रत्येक रुग्णामागे एक व दुसऱ्या पातळीच्या दोन रुग्णांमागे एक परिचारिका हे प्रमाण त्याच मानकांत आहे. विद्यापीठाची पदवी कायम राहिली. तिच्याशेजारी रुग्णशय्येवरची कसोटी पुन्हा आणावी लागली.

भारत : पदवी आधी, रुग्णशय्या नंतर

भारतातील वाटचाल याच्या उलट क्रमाने झाली. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार त्या वेळी देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या. म्हणजे सुमारे ४३,००० लोकसंख्येमागे एक. अशा स्थितीत विशेष शिक्षणाचा विचार दूरच होता; शिकविणाऱ्याच नव्हत्या. त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येची पदवी सुरू झाली. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. १९५९ मध्ये दिल्लीच्या महाविद्यालयात, जे पुढे राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले, निष्णात पदवीचे शिक्षण सुरू झाले. महाराष्ट्रात श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने १९६४ मध्ये मुंबईत लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय स्थापन केले.

येथे एक बाब लक्षात घ्यावी लागते. इंग्लंडमध्ये परिचर्याशास्त्राचे पहिले प्राध्यापकपद निर्माण होण्याच्या पंधरा वर्षे आधी भारतात पदव्युत्तर पदवी अस्तित्वात आली होती. हा अभिमानाचा विषय खराच; पण या पदवीचा हेतू मुख्यतः अध्यापिका व प्रशासक घडविणे हा होता. देशाची तातडीची गरजच ती होती. पुढे परिचर्या महाविद्यालयांची संख्या झपाट्याने वाढली आणि निष्णात पदवी ही अध्यापकपदाची अट बनली. परिणामी, जी परिचारिका अधिक शिकली ती वॉर्ड सोडून वर्गात गेली. रुग्णालयाच्या सेवानियमांत तिच्या पदवीला स्वतंत्र स्थान क्वचितच होते.

दरम्यान महानगरांतील मोठ्या रुग्णालयांत अतिदक्षता विभाग वाढत होते. १९९३ मध्ये मुंबईत अतिदक्षता वैद्यकाच्या तज्ज्ञांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. या विभागांतील बहुसंख्य परिचारिका तीन वर्षांच्या पदविका अभ्यासक्रमातून आलेल्या होत्या व श्वसनयंत्राचे ज्ञान त्यांनी ज्येष्ठ सिस्टरच्या हाताखाली मिळविले होते. हे ज्ञान खरे होते. मात्र त्याची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेत नव्हती. सार्वजनिक रुग्णालयांत ठरावीक काळाने विभाग बदलण्याच्या प्रथेमुळे ते विखुरलेही जाई.

भारतीय परिचर्या परिषदेने ही दरी ओळखून दोन उपाय योजले. नोंदणीकृत परिचारिकांसाठी अतिदक्षता परिचर्येसह विविध शाखांचे एक वर्षाचे विशेष पदविका अभ्यासक्रम आखले, आणि निष्णात पदवीच्या वैद्यकीय-शल्य परिचर्या शाखेत अतिदक्षता ही उपशाखा ठेवली. यांपैकी पदविका ब्रिटनच्या जुन्या क्रमांक १०० ची आठवण करून देते. तिसरे व अधिक धाडसी पाऊल २०१६ नंतर पडले. ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ या दोन वर्षांच्या निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मान्यता मिळाली. प्रवेशासाठी पदवीबरोबर रुग्णसेवेचा अनुभव आवश्यक धरला गेला आणि अभ्यासक्रमाचा फार मोठा भाग प्रत्यक्ष अतिदक्षता विभागातील कामास दिला गेला. भारतातील पदव्युत्तर परिचर्या शिक्षणाने रुग्णशय्येकडे घेतलेले हे महत्त्वाचे वळण होय. तथापि अभ्यासक्रम निर्माण करणे व पद निर्माण करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शासकीय सेवेत स्वतंत्र संवर्ग, वेतनश्रेणी व कार्यकक्षा यांची हमी नसेल, तर ही पदवीधारक परिचारिकाही अखेर अध्यापनाकडे अथवा परदेशाकडे वळेल, हा धोका उघड आहे. १९५९ च्या पदवीचा इतिहास याची साक्ष देतो.

महासाथीची कसोटी

२०२० च्या कोविड महासाथीने या इतिहासाचा अर्थ कठोरपणे उलगडला. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुल व गोरेगाव येथे विस्तीर्ण तात्पुरती उपचारकेंद्रे उभारली गेली. लंडनमध्ये प्रदर्शनाच्या सभागृहाचे रुग्णालय झाले. खाटा, प्राणवायू व यंत्रे काही आठवड्यांत आणता आली. श्वसनयंत्रावरील रुग्ण सांभाळणारी परिचारिका मात्र काही आठवड्यांत घडविता येत नाही. इंग्लंडमध्ये एका रुग्णामागे एक हे प्रमाण शिथिल करून, अन्य कर्मचाऱ्यांच्या साहाय्याने एका अतिदक्षता परिचारिकेने सहा रुग्णांपर्यंत देखरेख करण्याची मुभा द्यावी लागली. कोपनहेगनमध्ये १९५२ साली उणीव यंत्रांची होती व हात उपलब्ध होते. २०२० साली यंत्रे मिळविता आली, पण शिकलेले हात अपुरे पडले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१. अतिदक्षता परिचर्येचे ज्ञान प्रथम रुग्णशय्येजवळ निर्माण झाले. औपचारिक शिक्षण नेहमीच त्याच्या मागून आले.

२. ब्रिटनमधील रुग्णालयीन अभ्यासक्रमांनी कौशल्य दिले पण विद्यापीठीय प्रतिष्ठा दिली नाही. विद्यापीठांकडे झालेल्या संक्रमणाने प्रतिष्ठा दिली; परंतु कौशल्याचे समान परिमाण गमावले व ते २०१२ मध्ये नव्याने घडवावे लागले.

३. भारतात पदव्युत्तर पदवी लवकर आली, मात्र ती अध्यापन व प्रशासन यांच्याकडे वळली. रुग्णसेवेशी जोडलेला पदव्युत्तर अभ्यासक्रम सहा दशकांच्या आसपास काळ लोटल्यावर आला.

४. तीव्र आजाराच्या रुग्णाची प्रकृती साध्या वॉर्डातही ढासळते. म्हणून या शिक्षणाचा लाभ अतिदक्षता विभागापुरता मर्यादित ठेवणे हितावह नाही.

५. पदवीला सेवेतील पदाची जोड नसल्यास उच्च शिक्षण परिचारिकेला रुग्णापासून दूर नेते.

व्यवसायाशी निगडित कोणताही विषय विद्यापीठात येतो तेव्हा त्याला प्रतिष्ठा लाभते, आणि त्याचबरोबर आपल्या मूळ कार्यभूमीपासून तुटण्याची शक्यताही निर्माण होते. परिचर्येच्या बाबतीत ही कार्यभूमी म्हणजे अत्यवस्थ रुग्णाची खाट आहे. अभ्यासक्रमाची आखणी करणाऱ्या विद्यापीठांनी आणि पदांना मंजुरी देणाऱ्या शासनाने या इतिहासाकडे एकत्रितपणे पाहिल्यास, अधिक शिकलेली परिचारिका रुग्णाच्या अधिक जवळ राहील अशी व्यवस्था घडविणे अशक्य नाही.